गाणं सरलं की आग ओढायची

या, अशा जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा, बुवांना घसा ओला करू द्या. तोवर मी एक आख्यान सांगतो. यात राजा नाही, शाप नाही, शेवटी न्यायला विमानही येत नाही. एक तांब्याची डेग आहे, एक नाक आहे आणि एक गाणं आहे. डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल, फक्त नाक उघडं ठेवा.

शहाद्याच्या वर सपाटी संपते आणि सातपुड्याचे पाय सुरू होतात, तिथं एका ओढ्याच्या काठी होळ्या नाईकाची झोपडी होती. झोपडीपुढं ओढा आणि ओढ्याच्या पलीकडं भट्टी. भट्टीवर बसवलेली डेग एवढी मोठी, की आत दोन माणसं उभी राहून गवत तुडवू शकत. गवत म्हणजे रोशा. पावसाळा सरता सरता डोंगरउतारावर त्याचे तुरे निघतात आणि शेरडं नुसती अंगाला घासून आली तरी गोठा महिनाभर घमघमतो. त्या गवताचं तेल काढायचं. डेगीत गवत आणि पाणी भरायचं, झाकणाच्या फटी उडदाच्या पिठानं आणि काळ्या मातीनं लिंपायच्या, झाकणातून निघालेला वेळूचा नळ ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलेल्या भबक्यात, म्हणजे तेल साठवणाऱ्या हंड्यात, सोडायचा आणि खाली जाळ लावायचा. वाफ नळातून जाते, भबक्यात थंड होते, वर तेल तरंगतं. हे तेल नंदुरबारच्या पेढीवर जाई, तिथून आगगाडीनं मुंबईला आणि तिथून बोटीनं गोऱ्या लोकांच्या साबणात.

डेग पेढीची होती. ती होळ्याच्या आज्याच्या वेळी बैलगाडीनं वर आली ती तिथंच राहिली. तिच्या बुडाला तीन ठिकाणी कल्हईचे डाग होते आणि कुठला डाग कुठल्या साली पडला हे होळ्याला ठाऊक होतं. डेग होती म्हणून आश्विन-कार्तिकात घरात दाणे येत. डेग होती म्हणून खालच्या गावात त्याला कुणी 'ए भिल्ल्या' म्हणत नसे, 'नाईक' म्हणत.

या कामात सगळी मेख एकच. जाळ कधी ओढायचा? भट्टीखालची लाकडं लवकर बाहेर ओढली तर तेल गवतातच राहतं. उशीर झाला तर गवत बुडाला लागतं आणि काढलेल्या तेलातही करपट वास उतरतो. हे नाकानं कळायचं. होळ्याच्या बापाला कळे, होळ्याला कळे. सगळ्या डोंगरात होळ्याचं तेल वेगळं निघायचं. पहिल्या धारेच्या अस्सल तेलाला मोतिया म्हणत, आणि पेढीवर त्याच्या मोतियाच्या डब्यांना वेगळी खूण असे.

आणि एक रीत होती. भट्टी पेटली की भबक्यातून तेल निघेपर्यंत बाईनं ओढा ओलांडायचा नाही. तेल नासतं म्हणत. म्हणून बायका ओढ्याच्या अलीकडं गवत निवडत बसायच्या आणि गात राहायच्या. गाणं ऐकू आलं म्हणजे बाई अलीकडंच आहे, एवढी देवाची खात्री पटायची.

होळ्याची बायको दिवलीबाई. हाडकुळी, उंच, पुढचा एक दात नसलेली. तिचं गाणं असं:

*तापीना पानीनी भरनी मन्ही डेग, कोन येस वं, कोन येस?*

मग ती एकेकाला बोलावी. खापरनी सोमी येस. सोमी म्हणजे त्यांची लेक, खापरला दिलेली. धानोराना मामा येस. गोमाई नदी येस. मेलेला सासरा येस. जेवढी माणसं आठवतील तेवढी कडवी. मात्र गाणारणीनं स्वतःचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की बोलावणं पुरं झालं, मग गाणं पुढं न्यायचं नाही.

तर एकोणीसशे पस्तीस साली एका भट्टीला झाकणाची माती कच्ची राहिली. होळ्या वाकून बघत होता तेवढ्यात झाकण उडालं आणि वाफ सगळी त्याच्या तोंडावर आली. दिवलीबाईनं कोरफड लावली, महिनाभर केळीच्या पानांवर निजवला. कातडी भरली. गालावर नुसता पांढरा चट्टा राहिला. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

एका दुपारी मात्र दिवलीबाईच्या हातून चिमणी कलंडली आणि घासलेट टोपलीतल्या भाकरीवर सांडलं. ती दुसरी भाकर थापायला उठली, तर होळ्या तीच भाकर मिरचीबरोबर खात बसलेला. अर्धी संपली होती.

ती उभी राहिली. म्हणाली, "काय खाई ऱ्हायना तू?"

"भाकर. का?"

"घासलेट शे तिले."

होळ्याचा घास तोंडातच थांबला. त्यानं तुकडा नाकाशी धरला, उलटा केला, पुन्हा धरला. मग खाली ठेवला आणि बोटं धोतराला पुसत राहिला.

"नाक कव्हयपासून गयं?"

"वाफ लागनी तव्हयपासून."

"माले सांगं नही?"

"तुले सांगीसन काय येनार व्हतं?" मग तो म्हणाला, "कोनले सांगू नको. डेग जाई."

त्या सालापासून अशी व्यवस्था झाली. ओढ्यापलीकडं होळ्या भट्टीजवळ उकिडवा बसे, हातात जाळ ओढायचा लोखंडी आकडा. अलीकडं, वारा जिकडं वाहील त्या अंगाला, दिवलीबाई गवत निवडत गाई. वास तिच्याकडं येई. ओला वास, हिरवा वास, गोड वास. नेमका क्षण आला की ती कडवं अर्ध्यात तोडी. गाणं थांबलं की होळ्या आकडा घाली आणि लाकडं भराभर बाहेर ओढी. बघणाऱ्याला वाटे, केवढं याचं नाक! आणि तेल तर पूर्वीपेक्षाही गोड निघू लागलं.

असं चाललं होतं. मग सदतीस साल आलं.

त्या साली पाऊस कोजागिरीपर्यंत लांबला. गवत ओलं, लाकडं ओली. पेढीचे बरेच डबे मुंबईहून परत आले. तेलात भेसळ आहे, वास एकसारखा नाही, एवढाच निरोप. शेठनं एक शिकलेला माणूस आणला. परचुरे नाव. पुण्याकडचा, गोरा, चष्म्याच्या काचा जाड, पायात कॅनव्हासचे बूट. पेढीच्या मागच्या अंगणात त्यानं वाफेची नवी भट्टी बसवायला घेतली. तिला लोखंडी टाकी, वाफेचा दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ, नळाला तोट्या. पण तेल कसं चांगलं निघतं हे आधी कळायला हवं, म्हणून परत आलेले सगळे डबे त्यानं उघडून पाहिले आणि विचारलं, "ही खूण कुणाची? हा एक डबा नासला नाही."

म्हणून तो होळ्याच्या ओढ्यावर आला. सोबत पेढीचा मुकादम फत्तेसिंग. धानोऱ्याचा, भारदस्त मिशांचा, डोंगरातल्या माणसाशी बोलताना नेहमी एक पाय दगडावर ठेवणारा.

"काय रे होळ्या, सायेब उना तुन्हा दारशी. बसाले काही शे का उभाच ठेवशी?"

दिवलीबाईनं घोंगडी झटकून टाकली. परचुरे बसला, बूट काढले, मोजे भिजले होते ते दगडावर वाळत घातले. माणूस वाईट नव्हता बरं का. त्यानं दिवलीबाईच्या हातची नागलीची भाकर खाल्ली आणि "बाई, अजून अर्धी द्या" म्हणाला. आठ दिवस तो ओढ्यावर राहिला. गवत किती दिवस सुकवता, पाणी कितीपर्यंत भरता, लाकूड कसलं, सगळं वहीत लिहून घेई.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "नाईक, जाळ नेमका कधी ओढायचा हे तुला कळतं कसं?"

होळ्यानं ओढ्याकडं पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि खरं सांगायची सोय नव्हती. त्यानं खरंच सांगितलं, पण आपल्या रीतीनं.

"गानं सरनं का आग ओढानी, सायेब."

"कुठलं गाणं?"

"हाई. ती गास ते."

फत्तेसिंग हसला. "आयका! बायको गाई तव्हय ह्यानी खिचडी शिजी!"

परचुरे मात्र हसला नाही. त्याचे डोळे चमकले. म्हाताऱ्या आजीबाई अमुक स्तोत्र म्हणून होईपर्यंत भात शिजतो असं म्हणतात, ते त्याला आठवलं. ज्यांच्याकडं घड्याळ नाही ते गाण्यानं वेळ मोजतात! त्यानं खिशातलं साखळीचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. पेटल्यापासून गाणं थांबेपर्यंत पाच भट्ट्या मोजल्या. कधी पाच मिनिटं अलीकडं, कधी पाच पलीकडं. एकाच उताराचं गवत, एकाच रानातलं लाकूड, तेव्हा फरक पडणार किती? सरासरी काढून त्यानं वहीत ठळक लिहिलं: दोन तास चाळीस मिनिटे.

ओढ्याअलीकडं दिवलीबाई गवताचे तुरे मोडत होती. साहेब काय लिहितो हे तिला दिसत नव्हतं. जातेवेळी परचुरे होळ्याला म्हणाला, "शेठशी मी बोललोय. ही विद्या तू आम्हाला मनापासून दिलीस तर तुझी डेग तुझ्या हयातभर इथून हलणार नाही. शेठचा शब्द आहे. भट्टी सुरू होईल तेव्हा नंदुरबारला ये, आमच्या माणसांना शिकव."

होळ्यानं हात जोडले. मग ओढा ओलांडून तो दिवलीबाईपाशी आला.

"डेग ऱ्हायनी," तो म्हणाला.

दिवलीबाई म्हणाली, "तठे तुले कोन गाई?"

कार्तिकात बोलावणं आलं. प्रकाशाला नावेनं तापी उतरून होळ्या नंदुरबारला गेला. पेढीच्या मागच्या अंगणात नवी भट्टी फुसफुसत होती. भोवती आठ भट्टीवाले, सगळे डोंगरातलेच, म्होरक्या करमसिंग. कोळशाचा धूर, तेलकट चिखल. वेळेचं घड्याळ भिंतीला टांगलेलं. बरोबर दोन तास चाळीस मिनिटांनी परचुरेनं हात वर केला आणि करमसिंगनं वाफेची तोटी बंद केली.

तेल निघालं ते कच्चं. दुसऱ्या दिवशी गवत धानोऱ्याकडचं होतं, वाळलेलं. ते करपलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही गवतं मिसळलेली. त्या तेलाला काय वास होता कुणाला सांगता येईना, पण करमसिंगनं नाकाला पागोट्याचा शेव लावला.

आणि होळ्या? तो रोज भट्टीजवळ उकिडवा बसायचा, हात गुडघ्यांवर. कुणी विचारलं, "कसं शे नाईक?" तर म्हणायचा, "चांगलं शे."

चौथ्या दिवशी दुपारी शेठ गादीवरून उठून अंगणात आला. फत्तेसिंगनं एका पाटावर तीन बाटल्या मांडल्या.

शेठ म्हणाला, "नाईक, जरा वास ली दे. कोनती बाटलीमा तुन्हं तेल शे, तेवढं सांग. मंग जाय."

अंगणात सगळे जमले. होळ्यानं पहिली बाटली नाकाशी धरली. दुसरी धरली. तिसरी धरली. सगळ्यांत तेवढंच, काहीच नाही. त्यानं रंग पाहिला. तिसरी बाटली पिवळसर, स्वच्छ दिसत होती. आपल्या तेलासारखी.

"हाई," तो म्हणाला. "हाई मोतिया शे. पयल्या धारनं."

मग फत्तेसिंगला हसू आवरेना.

"घासलेट शे रे ते! दिवाबत्तीनं घासलेट!"

आठही भट्टीवाले हसले. करमसिंग खाली बसून हसला. होळ्यानं बाटली पाटावर जिथली तिथं ठेवली, बूच लावलं, नीट दाबलं. त्याचा गालावरचा चट्टा लाल झाला होता.

शेठ हसला नाही. म्हणाला, "नाक नही तेले डेग कसाले?"

परचुरे मधे पडला. "शेठ, थांबा. याचं तेल खरंच चांगलं होतं. मी आठ दिवस समोर बसून पाहिलंय. नाक याचं नाही, तर मग कुणाचं?" तो होळ्याकडं वळला. "नाईक, कुणाचं?"

होळ्या पाटावरच्या बाटल्या एका रांगेत लावू लागला.

दुसऱ्या दिवशी परचुरे त्याच्याबरोबर पायी डोंगरात आला. दिवलीबाई अंगणात सुपानं नागली पाखडत होती. नवऱ्याचं तोंड बघून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

परचुरे म्हणाला, "बाई, ते गाणं पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हणा. मी वेळ मोजतो. कुठंतरी माझी चूक झालीय."

"आते?"

"आत्ता."

तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हटलं. तापीना पानीनी भरनी मन्ही डेग. सोमी आली, मामा आला, गोमाई आली. आणि ती थांबली. परचुरेनं घड्याळ पाहिलं. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"एवढंच? पण तिथं तर..."

"गानाले कोठे मोज ऱ्हास, सायेब?" तिला हसू आलं आणि दात नसलेली फट दिसली. "ते सरत नही. ते थांबाडनं पडस."

"कोण थांबवतं?"

तिनं सूप उचललं. होळ्या बोलला. डोळ्यांवर पालथी मूठ ठेवून म्हणाला, "ती थांबाडस, सायेब. वास तिले येस. माले दोन साल व्हयनात, काहीच नही येत."

वही उघडून परचुरेनं ते ठळक आकडे एका रेघेनं खोडले. असं करणारे शिकलेले लोक थोडे, म्हणून सांगतो.

परचुरेच्या सांगण्यावरून दिवलीबाई नंदुरबारला निघाली तेव्हा होळ्यानं तिला ओढ्यापाशी गाठलं. "नको जाऊ."

"डेग जाई नही तं."

"जाऊ दे."

"मंग तू कोठे बशी?" ती म्हणाली. तो कुठं बसेल? भट्टीजवळच्या त्या दगडावर त्याच्या बसण्यानं खळगा पडला होता. तो आकडा झोपडीत टेकवून तिच्यामागं चालू लागला.

अंगणाच्या दारात करमसिंग आडवा उभा राहिला.

"बाई आत उनी तं आमी आठी जन चालनूत."

परचुरे म्हणाला, "अरे, तिला फक्त वास घ्यायचाय."

"तेच तं." करमसिंग आवाज उतरवून म्हणाला, "जी बाईले लांबथीन तेलना जीव समजस, तिले आमनाकडे बाई नही म्हनतस, सायेब. डाकीन म्हनतस."

डोंगरात या शब्दाचं काय होतं ते होळ्यानं पाहिलं होतं. एका बाईला गावानं पिंपळाला बांधलं होतं. तो पुढं होऊन मोठ्यानं म्हणाला, "वास मीच लेसू! नाक उघडी गयं मन्हं. ती मन्ही भाकर भाजाले उनी शे." मग परचुरेच्या कानाशी म्हणाला, "नाव मन्हं ऱ्हाऊ द्या, सायेब. तुमनं काम व्हई जाई."

परचुरेला समजलं. अंगणाच्या भिंतीबाहेर, वारा जिकडं वाहत होता त्या बाजूला, कडुनिंबाखाली तीन दगड मांडून दिवलीबाईनं चूल घातली. भिंतीच्या आत भट्टीजवळ होळ्या बसला, नाक वर करून, जसा काही वास घेतोय. भिंतीच्या फटीशी, भट्टीच्या तोटीला हात पोचेल असा परचुरे, हातात वही आणि छोट्या बाटल्या.

तीन दिवस ती भिंतीबाहेर बसून गात होती. येणारीजाणारी माणसं म्हणत, कोण ही वेडी, चुलीवर काही नाही आणि गातेय. कोळशाच्या धुरातून, गटाराच्या वासातून तिला रोशाचा वास निवडून घ्यावा लागे. डोकं फुटायची वेळ येई. मधे मधे ती थांबून ओकायची आणि पुन्हा गायची. वास बदलला की कडव्याबरोबर तसं सांगायची. परचुरे तिथल्या तिथं तेलाची तोटी उघडून त्या घडीचं तेल बाटलीत घेई, काट्याच्या घड्याळाचा आकडा लिही आणि खाली तिचे शब्द लिही.

ओल्या शेळीचा वास.

चारोळीच्या कच्च्या सालीचा.

पिकल्या टेंभुर्णीचा.

चौथ्या वासाला ती गाता गाता गप्प झाली. परचुरेनं फटीतून विचारलं, "काय?"

"हाईच. आते ओढ."

"वास कसला?"

ती शब्द शोधत राहिली. "तान्हा पोरनी टाळूना."

परचुरेची पेन्सिल थबकली. "कुणाच्या पोराच्या?"

"कोना बी. टाळू समदास्नी सारखीच ऱ्हास, सायेब."

त्यानं लिहिलं. आणि पाचवी बाटली मुद्दाम उशिरानं भरली, तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या वासाची, म्हणजे कुठं जायचं नाही तेही कळावं.

तिसऱ्या दिवशी तिच्याजवळची नावं संपत आली होती. मेलेली माणसं झाली, नद्या झाल्या, शेरडांचीसुद्धा नावं झाली. तेव्हा भिंतीपलीकडून ऐकू आलं: *पुनाना सायेब येस वं, पुनाना सायेब येस.* परचुरे एकटाच हसला आणि त्यानं चष्मा पुसला.

सागाची एक पेटी करवली. आत पाच खणांत पाच बाटल्या, बुचांवर मेण. सोबत जाड कागदावर शाईनं लिहिलेली टिपणं. करमसिंगला आधी पहिली हुंगायची, मग टाकीचा वास घ्यायचा, जुळला की पुढची. चौथी जुळली की तोटी बंद. गवत ओलं असो, वाळलं असो, धानोऱ्याचं असो की डोंगराचं, आता चूक होत नव्हती. पेटीवर पांढऱ्या अक्षरांत नाव घातलं: होळ्या नाईक. महिन्याभरात मुंबईहून पत्र आलं, माल पसंत आहे.

शेठनं दिवलीबाईला एक हिरवं लुगडं दिलं. 'भाकर भाजनारीले' म्हणून.

पौषात फत्तेसिंग बैलगाडी आणि चार माणसं घेऊन ओढ्यावर आला. या वेळी त्यानं दगडावर पाय ठेवला नाही. नजर चुकवत म्हणाला, "नाईक, डेग लई जानी शे."

होळ्याला वाटलं कल्हईला नेतायत. "बुडले चवथा डाग पडना शे," तो म्हणाला, "तेवढा देखाले सांगजा."

"कल्हई नही रे. मोडमा. तांबं शे ते."

होळ्या तसाच त्यांच्याबरोबर गाडीमागं चालत नंदुरबारपर्यंत गेला. नावेत डेग चढवली तेव्हा तिच्यावर हात ठेवून बसला. पेढीवर परचुरेनं हे पाहिलं, तो थेट गादीवर गेला.

"शेठ, तुम्ही शब्द दिला होता. मी तो तिथं जाऊन सांगितला होता."

शेठ शांत माणूस. गोमुखीत हात घालून जप चालला होता. तो पुरा करून म्हणाला, "शब्द कोनले दिन्हा व्हता?"

"होळ्याला."

"नही. शब्द नाकाले दिन्हा व्हता. नाक आते पेटीमा शे." आणि पेटीकडं बोट केलं.

परचुरे फाटकापर्यंत होळ्याबरोबर आला. खिशातलं साखळीचं घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवू लागला. होळ्यानं ते घेतलं नाही. म्हणाला, "माले काय मोजानं शे, सायेब?"

तो उन्हाळा गेला, पाऊस गेला. भट्टीच्या जागी काळा खड्डा राहिला होता, त्यात पाणी साचलं आणि बेडूक झाले. दिवलीबाई आता पेढीसाठी गवत कापायला उतारावर जायची. विळ्यानं बोटांना चिरा पडत, त्यांत गवताचं तेल भरून जळजळ होई. भारे डोक्यावरून गाडीवाटेपर्यंत आणायचे. बाकीच्या बाया म्हणत, "दिवली, गाय ना वं." तर ती म्हणे, "आते कसाले? आग थोडीच ओढानी शे."

होळ्या दिवसभर ओढ्यापलीकडं त्या दगडावर बसे, खळग्यात. आकडा मांडीवर. खालच्या गावात पोरं त्याला 'घासलेट' म्हणत.

आश्विनात एक दिवस ती भारा टाकून घरी आली. तिच्या केसांना, अंगाला, हिरव्या लुगड्याला रोशाचा वास येत होता. सगळा डोंगर घमघमत होता, दगडावरून न दिसणाऱ्या वरच्या उतारावर तुरे निळसर पांढरे फुलले होते, डेगीत भरायला याच्यापेक्षा चांगला दिवस उगवला नसता. तिनं भाकर त्याच्यापुढं ठेवली. त्यानं भाकर हातात घेतली, नाकाशी धरली, ही त्याला सवयच लागली होती, आणि विचारलं, "दिवली, रोशा फुलना का?"

ती त्याच्या शेजारी बसली. केसांतला एक तुरा काढून मागं टाकला.

"नही अजून," ती म्हणाली. "यंदा उशीर शे."

"मंग ठीक," होळ्या म्हणाला, आणि जेवू लागला.

तर महाराज, एवढंच आख्यान. आपण अभंग म्हणतो, त्याच्या शेवटच्या ओळीत कर्त्याचं नाव असतं, म्हणून तो कर्ता शेकडो वर्षं हरवत नाही. त्या पेटीवर नाव होतं ते होळ्याचं. गाण्यात नावं होती ती सगळ्या जगाची. जिचं गाणं, तिनं रीत म्हणून स्वतःचं नाव कधी घातलं नाही, आणि दुसऱ्या कुणी घातलं नाही. तेव्हा कधी एखाद्या साबणाला, अत्तराच्या एखाद्या फायाला तसला गोड वास आला, तान्ह्याच्या टाळूसारखा, तर हातातलं काम घडीभर थांबवा. पलीकडून ती विचारत असेल, *कोन येस वं, कोन येस?* मोठ्यानं म्हणायला नको. मनात म्हणा: दिवलीबाई येस.

घ्या टाळ.